बावीस हात

डॉक्टर बिराजदार म्हणाले,
पोहायचा गॉगल आणलाय का? दाखवा.
पर्समधून काढून दिला.
नवी पेठेतला, दोनशे ऐंशीचा, निळा,
अजून ओलसर.
त्यांनी रबर अंगठ्याने चेपून बघितलं.
हे खोबणीत रुततं, म्हणाले,
आतला दाब आधीच तेवीस,
त्यात हा बाहेरून.
मी विचारलं, पोहणं सोडू?
पोहा की. गॉगल बदला.
मोठा घ्या, हाडावर बसणारा.

मग फाईल उलटत, वर न बघता,
घरात कुणाला होता काचबिंदू?

माहीत नाही म्हटलं.

माहीत होतं.
अम्मा उंबऱ्याशी बसून विड्या वळायची,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
हजार झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही.
जेवताना ताटाच्या उजव्या कडेचा भात
तसाच उरायचा.
आम्ही म्हणायचो, नखरे.
नायना मागावरून येऊन
काही न बोलता ताट फिरवून ठेवायचे.
ती खायची, आणि विचारायची,
हा कधी वाढलात?
पुढे दुपारी चारलाच म्हणायला लागली
चीकटी पडली, दिवा लावा.
आम्ही हसायचो.
एप्रिलात, सोलापुरात,
चार वाजता अंधार!

दवाखान्यात एक यंत्र आहे,
वाडग्यासारखं, पांढरं.
त्यात तोंड घालून बसायचं
आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं.
दोनदा मी न दिसताच दाबलं.
महापालिकेत तीस वर्षं काढली,
पास व्हायची सवय.
यंत्राने ते पकडलं.

भाच्याने पुण्याहून मोठा गॉगल पाठवला,
अर्धा चेहरा झाकणारा.
लेडीज बॅचच्या पोरी म्हणाल्या,
यमुलबाई चंद्रावर निघाल्या.
पण तळ स्वच्छ दिसला त्यातून,
काळी पट्टी, फुटकी फरशी,
कुणाची तरी केसांची पिन.
दिसली नाही ती शिवलीला,
उजवीकडून येणारी.
कपाळावर कपाळ.
सॉरी आंटी, सॉरी, म्हणत राहिली बिचारी.
मीही तिला म्हणू दिलं.

आता शेवटच्या दोन फेऱ्या
काहीच न लावता मारते, उताणी.
कानांत पाणी, म्हणून शहर बंद.
वर आभाळ, धुऊन धुऊन रंग गेलेल्या
टॉवेलसारखं.
डोळ्यांवर कशाचाच भार नाही,
नुसतं ऊन, तेही मिटलं की लाल.
भिंत मात्र डोक्यामागून येते.
ती कुणालाच दिसत नाही,
चांगल्या डोळ्यांच्यांनाही,
हे मला फार बरं वाटतं.
सगळ्यांनाच मोजावं लागतं.

मी तेलुगूत मोजते.
ओकटी, रेंडू, मूडू,
अम्मा कट्टा बांधताना मोजायची तसं, ओठ न हलवता.
तिचा कट्टा पंचविसाचा.
माझी भिंत बावीस हातांवर.
एकविसाव्याला वेग सोडायचा,
बाविसाव्याला हात लांब.

मंगळवारी बावीस झाले, भिंत नाही.
तेवीस. नाही.
पाय खाली गेले, पोटात गोळा,
वाटलं, कडाच संपल्या की काय.
मग बोटांना फरशी लागली, शेवाळलेली, गार.
काठावरून कोळी मॅडम ओरडल्या,
काय झालं, दमलात?
म्हटलं, आकडा चुकला.

रात्री नऊला थेंब.
नाकाशेजारचा कोपरा बोटाने दाबून
पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं.
ह्यांना वाटतं मी झोपले,
टीव्ही बारीक करतात.

त्याआधी जेवताना
मी ताट एकदा फिरवून बघते.
बहुतेक वेळा काही नसतं तिकडे.
कधी शेंगाची चटणी,
काल लिंबाची फोड.